वाचून झाल्यावर परत करावे

आमच्या दैनिकाचा अंक रोज सकाळी कुणीतरी फुकट वाटतं, ही तक्रार कार्यालयात जुनी होती. वाटणाऱ्यानं अंकावर स्वतःचा शिक्का मारल्याचं मात्र पहिल्यांदाच आढळलं.

मी तेव्हा बेळगावातल्या त्या मराठी दैनिकात ग्रामीण पानाचं काम पाहत होते. छापील अंकाबरोबर मोबाईलवरचा अंकही निघत असे. त्याची वर्षाची वर्गणी होती. ती भरली की सकाळी अंक मोबाईलवर यायचा आणि पीडीएफ करून ठेवता यायचा. पुढं तो कुठं जातो हे आमच्या यंत्रणेला दिसत नव्हतं. माणसांना दिसत होतं. आमचे व्यवस्थापक ज्या ज्या ग्रुपवर होते त्या बहुतेक सगळ्यांवर तो येत असे. त्यांच्या सासुरवाडीच्या ग्रुपवर तर तो त्यांचा मेहुणाच टाकत असे. व्यवस्थापक त्या ग्रुपमधून बाहेर पडले नव्हते. घरचा मामला वेगळा, असं त्यांचं म्हणणं होतं.

शिक्का सापडला तो निपाणीत. डिजिटल विभाग एकटीनं सांभाळणारी माझी सहकारी निपाणीची. सुट्टीला ती घरी गेली तेव्हा तिचे वडील चष्मा कपाळावर सरकवून मोबाईलवर काहीतरी जपून दाबत बसले होते.

“काय करालाय बाबा?”

“पेपर परत पाठवालोय.”

“कुणाला?”

“ज्यानं दिला त्याला.”

“परत कशाला?”

“खाली लिवलंय न्हवं.”

तिनं मोबाईल हातात घेतला. अंक आमचाच होता. पहिल्या पानावर दैनिकाच्या नावाशेजारी जांभळा लंबगोल शिक्का होता. त्यात सार्वजनिक वाचनालय, त्याखाली गावाचं नाव आणि तालुका बेळगाव. शेवटच्या पानाच्या तळाशी दोन वाक्यं होती: वाचून झाल्यावर परत करावे. पाने फाडू नयेत.

“बाबा, मी ह्याच पेपरात कामाला हाय.”

“म्हाईत हाय की. तुला पगार मिळालाय न्हवं? मग मी आणि पैसे कशाला भरू?”

दुसऱ्या दिवशी तिनं तो अंक व्यवस्थापकांना दाखवला. त्यांनी शिक्का मोठा करून वाचला आणि मला बोलावून घेतलं.

“हे तुमचंच गाव ना?”

“हो.”

“वाचनालय कोण चालवतं?”

मी सांगितलं. लोंढा जंक्शनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, बिनपगारी चिटणीस. गाव त्यांना अण्णा म्हणतं. आमच्या परड्याला लागून त्यांचं घर आहे.

“म्हणजे ओळखीचे. बरं झालं,” व्यवस्थापक म्हणाले. बरं झाल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. “वकिलाची नोटीस जायच्या आधी तुम्ही बोलून घ्या. ऐकलं नाही तर खातं बंद.”

खातं शोधायला वेळ लागला नाही. वर्गणीदाराचं पहिलं नाव सार्वजनिक, आडनाव वाचनालय, लिंग पुरुष. जन्मतारखेच्या जागी वाचनालयाच्या स्थापनेची तारीख होती. त्यामुळं आमच्या दप्तरी तो आमचा सर्वांत वयस्क वर्गणीदार होता. डिजिटलच्या सहकारिणीनं तपासलं तर यंत्रणा त्याला दर वर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत आली होती, आणि दर वर्षी त्याचं उत्तर आलं होतं: आभारी आहे, चिटणीस.

खातं बंद होण्याचा अर्थ काय, हे मला माहीत होतं. व्यवस्थापकांना नव्हतं.

आमचं गाव कंग्राळीच्या पुढं, शहराला लागून. घरटी शेत आहे आणि घरटी एकजण तरी शहरात कामाला आहे. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, बाकं आणि पंखा. अनुदान दोन्ही राज्यांकडून येत नाही. एका राज्यात गाव नाही आणि दुसऱ्या राज्यात भाषा नाही, असं अण्णा सांगत, आणि हे सांगताना ते तक्रार करत आहेत असं वाटत नसे. खोलीवर दूध संस्थेची नजर होती. दुधातली फॅट मोजायचं मशीन ठेवायला त्यांना रस्त्यालगतची जागा हवी होती. पंचायतीच्या अध्यक्षांनी चावडीसमोर जाहीर सांगितलं होतं की वाचनालयात रोज एक तरी दैनिक येत असेल आणि लोक ते वाचत असतील तर खोली वाचनालयाची, नाहीतर दुधाची.

त्यानंतर छापील अंक गावात यायचा थांबला. विकत घेणारे उरले होते थोडे, आणि तेवढ्यासाठी गाडी फिरवणं एजंटाला परवडेना. तेव्हा अण्णांनी मोबाईलवरच्या अंकाची वर्गणी भरली. खोली राहिली ती त्या वर्गणीवर. ती गेली तर खोलीत एकही दैनिक येणार नव्हतं.

मी घरी गेले त्या दिवशी अण्णा वाचनालयातच होते.

“ये गं. लई दिवसानं आलीस.”

मी म्हणाले, ऑफिसनं पाठवलंय.

“शिक्का बघितलासा काय? बरोबर उठलाय न्हवं?”

बरोबर उठलाय, मी म्हणाले.

“शिक्क्याचा फोटो चिकटवताना आदी मुख्यमंत्र्यांच्या तोंडावर पडायचा. आता बाजूला घेतोय. आणि निधन वार्तेच्या पानावर मारतच न्हाय मी. बरं दिसत न्हाय.”

वाटपाची पद्धत त्यांनी न विचारता समजावून सांगितली. ग्रुपवर अंक टाकायचा नाही, कारण कुणी नेला ते कळत नाही. सभासदांना एकेकाला वेगळा पाठवायचा. सभासदानं वाचून संध्याकाळपर्यंत परत पाठवायचा. परत आला नाही तर त्याला दुसऱ्या दिवशीचा अंक मिळणार नाही. आयुष्यभर पार्सल सोडवून दिलेल्या माणसाला माल गेला की पोच लागते. सुरुवातीला सभासद अंक मिळाल्याची पोच म्हणून मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवत. ते अण्णांनी बंद करायला लावलं.

“शाळा शिकल्याली माणसं अंगठा उठवालीत. मी सगळ्यास्नी सांगितलो, ज्याला सही येतीय त्यानं सहीच करायची.”

तेव्हापासून सभासद रोज पूर्ण नाव लिहून अंक घेत आणि पूर्ण नाव लिहून परत करत. गोव्यात कामाला असलेले परत करत. उत्तरेत कुठंतरी ठाण्यावर असलेला गावचा एक जवान रेंज मिळाली की साठलेले अंक एकदम परत करत असे. त्याला उशिराची सवलत होती. देशाचं काम आहे, असं अण्णा म्हणाले. सभासदांचे पाहुणे कडोलीत, खानापुरात, निपाणीत. त्यांना अंक सभासदाकडून जाई आणि सभासदाकडंच परत येई. नियम खालीच छापलेला असल्यामुळं वेगळं सांगावं लागत नव्हतं. अण्णांना एकच अडचण होती. परत आलेल्या अंकांनी त्यांचा मोबाईल भरून जाई. त्यासाठी त्यांनी पदरचं मेमरी कार्ड घातलं होतं.

“अण्णा,” मी म्हणाले, “त्यांनी परत पाठवला तरी त्यांच्याकडचा जात नाही.”

“जात न्हाय म्हंजे?”

मी माझ्या मोबाईलवरचा अंक त्यांना पाठवला. त्यांना तो मला परत पाठवायला सांगितला. मग दोन्ही मोबाईल टेबलावर शेजारी ठेवले. दोन्हीकडं अंक होता. अण्णांनी आधी माझा मोबाईल पाहिला, मग स्वतःचा, मग पुन्हा माझा.

“म्हंजे मी दिला तवा माझ्याकडं पण ऱ्हायलाच.”

“हो.”

“आणि त्यानं परत केला तवा त्याच्याकडं पण.”

“हो.”

“मग परत करून उपयोग काय?”

“काही नाही.”

त्यांनी माझा मोबाईल माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, आमच्या दैनिकाच्या नुकसानीचा विचार चालला असेल.

“ह्ये सगळ्यास्नी म्हाईत हाय?”

“बहुतेकांना असणार.”

“तरी रोज नाव लिवून परत करालेत.”

“हो.”

“बघ की,” अण्णा म्हणाले. “कोण एक शब्द बोललं न्हाय.”

त्याच दिवशी त्यांनी सभासदांना नवा नियम कळवला. अंक परत केल्यावर स्वतःकडचा पुसून टाकायचा आणि पुसल्याचा फोटो पुरावा म्हणून पाठवायचा. सभासदांनी तोही पाळला. संध्याकाळपर्यंत पुरावे आले. रिकाम्या पडद्याचा तो फोटो सगळ्यांचा एकच होता. वरच्या कोपऱ्यातली बॅटरीसुद्धा सगळ्यांची सारखीच उरली होती. कुणीतरी एकानं काढला होता आणि बाकीच्यांनी पुढं पाठवला होता.

हे पाहिल्यावर अण्णांनी दुसऱ्या दिवशीचा अंक कुणालाच दिला नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बसनं आमच्या कार्यालयात आले.

व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि नोटीस टेबलावर ठेवली. नोटिशीत स्वामित्वहक्काचा भंग, बेकायदा प्रती, नुकसानभरपाई असे शब्द होते. ती आमच्याच संगणकावर तयार केली होती, अंकासाठी वापरतो त्याच फॉन्टच्या अक्षरांत. ती अक्षरं संगणकावर कुठल्या सीडीवरून आली आणि त्या सीडीचे पैसे कुणी भरले होते, हे कार्यालयात कुणालाच सांगता येत नसे. तो विषय त्या दिवशीही निघाला नाही.

“एक वर्गणी, एक वाचक,” व्यवस्थापक म्हणाले. “असा नियम आहे.”

“वाचनालयाला एक वाचक?”

“वाचनालयाच्या नावावर वर्गणी नाहीच. सार्वजनिक नावाच्या एका पुरुषाच्या नावावर आहे.”

“तुमच्या फॉर्मात दुसरं काय लिवायला जागाच न्हवती.”

हे खरं होतं. डिजिटल विभागाच्या माझ्या सहकारिणीनं मान डोलावली. अण्णांचं लक्ष व्यवस्थापकांच्या डोक्यामागं भिंतीवर गेलं. तिथं जाहिरात विभागाचा फलक होता. एक अंक घरात गेला की सगळं घर वाचतं, शेजारी वाचतो, चहाच्या टपरीवर सगळं गाव वाचतं, अशा अर्थाचा मजकूर चित्रांसह होता.

“ह्ये कुणी लिवलंय?”

“ते जाहिरातदारांसाठी आहे.”

“म्हंजे जाहिरातवाल्याला सांगताना सगळं गाव वाचतंय, आणि आमाला सांगताना एकटा. ह्यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही आपापल्या जागी खरं आहे,” व्यवस्थापक म्हणाले.

अण्णांनी वाद पुढं नेला नाही. हात टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मी चोरी केलो असं म्हणत असशीला तर म्हणा. मला कळत न्हवतं, आता कळालंय. वाटप बंद. पण खातं बंद करू नका. केलासा तर पंचायत दुसऱ्या दिवशी दुधाचं मशीन आणून ठेवतीय. मग वाचनालय कुठं भरवू मी, परड्यात?”

व्यवस्थापकांनी तो त्यांचा प्रश्न नसल्याचं सांगितलं. मग सहकारिणीनं नियमांचं पान काढलं. वर्गणीदाराला अंक एका पडद्यावर पाहता येईल, असं त्यात लिहिलं होतं. त्या पडद्यासमोर कितीजण बसले आहेत याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचलं. नोटीस पाठवायची तर वकिलाचं बिल येणार होतं, आणि वाचनालयावर नोटीस काढली ही बातमी बाकीची दैनिकं आनंदानं छापणार होती.

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “खोलीच्या आत कितीही जणांनी वाचावं. खोलीबाहेर एक पानसुद्धा जाता कामा नये. गेलं की खातं बंद, विचारणार नाही.”

“शब्द दिला,” अण्णा म्हणाले. चहा संपवून ते निघून गेले.

उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला असलेल्या एका सभासदानं घरी नवा टीव्ही घेतला होता. जुना त्यानं वाचनालयाला दिला आणि मोबाईल त्याला जोडून दिला. टीव्ही दोन कपाटांच्या मध्ये भिंतीला लागला. खाली अण्णांनी खडूनं लिहिलं: फोटो काढू नये. रिमोट त्यांच्या हातात असे.

सुरुवातीला फार कुणी आलं नाही. अंथरुणात पडून पेपर वाचायची सवय झालेली माणसं चप्पल घालून चावडीपर्यंत यायला तयार नव्हती. अध्यक्ष एकदा मोटारसायकल न थांबवता दारावरून गेले आणि जाता जाता म्हणाले, “चार डोकी बसवून वाचनालय चालतंय व्हय अण्णा?” ते सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर थोडी माणसं वाढली. काहीजण अण्णांसाठी आले, काहीजण अंक दुसरीकडं कुठं मिळत नव्हता म्हणून आले.

एका पडद्यावर सगळ्यांनी मिळून पेपर वाचायचा म्हणजे सर्वांत सावकाश वाचणाऱ्याच्या गतीनं वाचावं लागतं. सुट्टीच्या दिवशी मी जात असे तेव्हा हे ठरलेलं होतं.

“फिरवा की अण्णा पान.”

“थांब रं, ह्याचं व्हायचंय.”

“ह्याचं कवा व्हतंय? शाळेत पण ह्यो मागंच होता.”

“मी मागं होतो तर तू कुठं पुढं गेलास? हितंच बसलाईस न्हवं माझ्या शेजारी?”

चावडीजवळच्या घरातल्या एक आक्का दारातूनच ओरडत, “आदी निधनाचं पान लावा. कोण गेलं ते कळलं की मी मोकळी.” अण्णा आधी निधनाचं पान लावत. आक्का उभ्याउभ्या वाचून निघून जात. मग पहिलं पान लागे.

खोलीचा निर्णय व्हायचा ती पंचायतीची सभा जवळ आली तेव्हा अध्यक्ष खोली बघायला आले. बरोबर दूध संस्थेचा माणूस मोजपट्टी घेऊन आला होता. मी मागच्या बाकावर होते. अण्णा उठले नाहीत. दूध संस्थेचा माणूस दारापासून कपाटापर्यंत माप घेऊ लागला. तेवढ्यात ग्रामीण पान लागलं. त्यावर गावच्या रस्त्याच्या कामाची बातमी होती. आदल्या दिवशी ती मीच लावली होती. बातमीत अध्यक्षांचा कुदळ घेतलेला फोटो होता, मोठा, दोन रकान्यांचा. टीव्हीवर तो अध्यक्षांपेक्षा मोठा दिसत होता.

“थांबा,” अध्यक्ष म्हणाले. “ह्ये ऱ्हाऊ दे.”

त्यांनी बातमी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. कुणी पान फिरवायला सांगितलं नाही. मोजपट्टीवाला पट्टी तशीच ताणून उभा राहिला. अध्यक्षांनी खिशातून मोबाईल काढला, दोन पावलं मागं सरकले आणि टीव्हीवर धरला.

पडदा काळा झाला.

“काय झालं? लाईट गेली?”

“न्हाय. मी बंद केलो,” अण्णा म्हणाले.

“का?”

“फोटो काढायचा न्हाय. पेपरवाल्यास्नी शब्द दिलाय.”

“अण्णा, माझाच फोटो हाय त्यो.”

“तोंड तुझं हाय रं. फोटो त्यांचा हाय.”

बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. अध्यक्षांनी मोबाईल खाली घेतला नाही.

“खोली कुणाची हाय, म्हाईत हाय न्हवं?”

“पंचायतीची.”

“सभा कवा हाय ते पण म्हाईत असंल.”

“व्हय. हाय म्हाईत.”

अध्यक्षांनी मोबाईल खिशात ठेवला. मोजपट्टीवाल्यानं पट्टी सोडली, ती आवाज करत डबीत गेली. दोघं बाहेर पडले. अण्णांनी टीव्ही पुन्हा लावला, पण वाचायला कुणाचं लक्ष लागलं नाही.

“एक फोटो काढू दिला असतासा तर काय पेपर बुडत हुता?” एकजण म्हणाला.

“अध्यक्षाला न्हाय म्हणून कोण खोली राखतंय व्हय? आता दुधाच्या लायनीत ऱ्हावा उभं.”

“एवढे दिस आम्ही परत केलो, नाव लिवून. तवा पेपरवाल्यांची आठवण न्हाय झाली तुमास्नी?”

अण्णा म्हणाले, तेव्हा कळत नव्हतं. एवढं बोलून त्यांनी पान फिरवलं. सगळे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “खोली गेल्याची बातमी तुमच्यात कुठल्या पानावर येती?”

“ग्रामीण. माझ्याच पानावर.”

“मग नीट लिव. मला चुका दिसतात.”

ग्रामीण पानावरच्या त्या रस्त्याच्या बातमीला दुसऱ्या दिवशी विरोधी गटाच्या सदस्याचं उत्तर आलं. रस्ता आपल्या पाठपुराव्यामुळं झाला, कुदळ मात्र दुसऱ्यानं धरली, असं त्याचं म्हणणं होतं. बातमी आल्याचं अध्यक्षांना फोनवर कळलं, पण ती वाचायला मिळेना. गावच्या ग्रुपवर अंक अण्णांनी कधी येऊ दिला नव्हता आणि आता वाटपही बंद होतं. विरोधकाचं म्हणणं वाचायला वर्षाची वर्गणी भरायची त्यांची तयारी नव्हती. सकाळी ते वाचनालयाच्या दारात येऊन उभे राहिले.

अण्णांनी त्यांना पाहिलं. आक्कांचं निधनाचं पान चालू होतं. ते संपवून त्यांनी ग्रामीण पान लावलं.

“खोटं छापलंय सगळं,” अध्यक्ष वाचून म्हणाले.

“त्ये पेपरात सांगा. मी फकस्त पान फिरवतोय.”

अध्यक्षांनी पेपरात सांगितलं, म्हणजे मला फोन केला. त्यांचा खुलासा छापून आला. तो वाचायला ते पुन्हा आले. खुलाशाला उत्तर आलं, ते वाचायलाही आले. आता ते आत येऊन बसत. त्यांना जागा पंख्याखालची लागे. तिथं आधी बसलेला माणूस सरकून घेऊ लागला. अण्णांशी ते थेट बोलत नसत. शेजाऱ्याला म्हणत, “फिरवाय सांग की.” शेजारी अण्णांना सांगे. अण्णा सगळ्यांचं वाचून झाल्यावर फिरवत.

सभेला मी बातमीसाठी गेले. अण्णा आले नव्हते, ते वाचनालय उघडून बसले होते. दूध संस्थेचा माणूस पहिल्या रांगेत होता, यावेळी मोजपट्टीशिवाय. पंचायतीचं कामकाज कन्नडमध्ये चालतं. अधिकाऱ्यानं विषय एकेक करून वाचले. पाण्याची टाकी झाली, गटार झालं. मग त्यानं जुन्या इमारतीतल्या खोलीचा विषय वाचला. सदस्य अध्यक्षांकडं बघू लागले.

अध्यक्ष समोरच्या कागदाकडं बघत म्हणाले, “मुंदिन विषय.” म्हणजे पुढचा विषय.

दूध संस्थेचा माणूस उभा राहिला. “अध्यक्ष, आमच्या मशीनचं...”

“मुंदिन विषय म्हटलो न्हवं?”

पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. नंतरही खोलीचा विषय कुणी काढला नाही. तो मंजूर झाला नाही, नामंजूर झाला नाही, पुढं ढकलला असंही कुणी म्हणालं नाही. ज्या विषयावर काही झालं नाही त्याची बातमी होत नाही. मी दिव्यांची बातमी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा कार्यालयात फोन आला. मागं बराच गलका ऐकू येत होता.

“सगळी पानं दोनदा फिरवली. खोलीचं काय छापलं न्हाईसा.”

“काही झालंच नाही, अण्णा.”

“काहीच न्हाय?”

“काहीच नाही.”

“म्हंजे ऱ्हायली.”

“राहिली.”

मागून कुणीतरी मोठ्यानं पान फिरवायला सांगत होतं. दुसरा एकजण, माझं व्हायचंय, म्हणून ओरडत होता. तो आवाज अध्यक्षांचा होता.

“ठेवतो,” अण्णा म्हणाले. “ह्याचं झालं की दिव्याची बातमी लावतोय.”